जुन्या सीडीतल्या आजीच्या ओव्या: तुमचं काय वाचलं, काय गेलं? (अनुभव धागा)

गोधडी
दिवाळीची आवराआवर चालू आहे. काल लोखंडी कपाटाच्या तळाला, जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली एक सीडी सापडली. कव्हर नाही. वर मार्करने बाबांच्या अक्षरात ‘आईच्या ओव्या, २००४’.

बाबा शाळेत मास्तर होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना एमएससीआयटी केलं. वर्गात शेजारी दहावी झालेली पोरं, आणि त्यांच्यात बाबा धोतराच्या नाही पण पांढऱ्या लेंग्याच्या कडक इस्त्रीत. शिकले मात्र मनापासून. निवृत्त झाल्यावर पहिलं काम काढलं ते आजीच्या ओव्या उतरवायचं. आजीला नुसतं बसून ओवी आठवायची नाही. हात फिरला पाहिजे. जातं तर कधीच परसात तुळशीपाशी गेलेलं. मग बाबा तिच्यापुढे पोळपाट ठेवायचे. ती तो गोल फिरवत म्हणायची आणि बाबा परीक्षेच्या पेपरच्या कोऱ्या बाजूवर भराभर लिहायचे. रात्री दोन बोटांनी टाइप.

आजी २००६ ला गेली, बाबा २०११ ला. ते कागद रद्दीत गेले, कारण ‘सगळं सीडीवर आहे’ असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. शेजारच्यांकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. सीडी फिरली, फाइल उघडली, आणि बावीस पानं नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, उद्गारचिन्हं. एक अक्षर मराठी नाही. मी तशीच बसून राहिले.

तुमच्या घरी असं काय झालंय? काय गेलं, काय हाती लागलं? आणि त्यानंतर एखादी सवय लागली असेल तर तीही लिहा. मला आत्ता उपयोगी पडेल.

पाऊसवेडा
गोधडी, आधी एक करा. काहीही दुरुस्त करू नका आणि त्या फाइलवर सेव्ह दाबू नका. सीडीवरून लॅपटॉपवर कॉपी घ्या, त्या कॉपीची अजून एक कॉपी, आणि जे काय प्रयोग करायचे ते तिसरीवर.

ओव्या गेलेल्या नाहीत. त्या काळी मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असायची. शिवाजी, कृतीदेव, श्रीलिपी, प्रत्येकाचं कोष्टक वेगळं. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. वर्डमध्ये एखाद्या ओळीवर क्लिक करा आणि वर फॉन्टच्या खिडकीत काय नाव येतंय ते बघा. फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी नाव दिसतं. ते इथे टाका.

सदाफुली
पोळपाट फिरवत ओव्या 🥺 माझ्या आजीचंही असंच. ताक घुसळायला घेतलं की गाणं यायचं, एरवी म्हण म्हटलं की ‘नाही गं येत’. आम्ही काहीच लिहून ठेवलं नाही. दुपारी सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

मी_सोलापूरची
२००७, आमच्याकडचं लोडशेडिंग. वेळापत्रक असायचं पण वीज ते पाळायची नाही. एमएडचा प्रबंध टाइप करायला भाड्याने कॉम्प्युटर आणलेला, यूपीएसची बॅटरी मेलेली. तिसरं प्रकरण, अठरा पानं, सकाळपासून एकदाही सेव्ह केलं नव्हतं. पंखा थांबला तेव्हा कळलं, मग स्क्रीनकडे बघितलं. परत चालू केल्यावर चार पानं आली. जिन्यात बसून रडले.

तेव्हापासून पूर्णविराम दिला की कंट्रोल एस. ऑनलाइन फाइल आपोआप सेव्ह होते तिथेसुद्धा बोट जातं. नवऱ्यालाही लावलं, मुलीलाही लावलं. मुलीचा बारावीचा प्रोजेक्ट एकदा या सवयीमुळे वाचला, तेव्हा तिने येऊन मिठी मारली.

बारदेशकर
आमच्या म्हापशाकडे सीडीचा शत्रू पाऊस. चार महिने कपाटात ठेवली तर बुरशीची नक्षी उमटते. मुलाच्या मुंजीची सीडी अशीच गेली. गोधडी, तुमची सीडी वाचली हे नशीब. घरी लिहिलेल्या सीडीत रंगाचा थर असतो, तो उन्हानेही खराब होतो. तेव्हा आता ती परत परत फिरवत बसू नका.

मी आता दोन हार्ड डिस्क ठेवल्यात. एक घरी, एक भावाकडे मडगावला. चतुर्थीला त्याच्याकडे जातो तेव्हा अदलाबदल करतो. वर्षातून एकदाच होतं, पण होतं.

चिंगी
फोन बादलीत. मुलीचं पहिलं वर्ष त्यात. पालथी पडली तो व्हिडिओ, पहिला दात, सगळं. तांदळात ठेवला, काही उपयोग नाही झाला. दुकानदार म्हणाला बोर्ड गेला.

जे जे व्हॉट्सॅपवर आईला आणि नणंदेला पाठवलं होतं तेवढंच परत मिळालं. धुरकट आहेत पण आहेत. नणंदेने एकेक शोधून रात्री दोनपर्यंत बसून पाठवले, हे मी विसरणार नाही.

सदाफुली
@चिंगी अगं 😢 नणंद सोन्यासारखी आहे तुझी.

प्रमिलाकाकू_नाशिक
मी बोलून लिहिते आहे कीबोर्डवरचा माईक दाबला की आपोआप मराठी उमटतं नातवाने दाखवलं पूर्णविराम येत नाही त्याबद्दल रागवू नका वय ७१ डोळ्याचं ऑपरेशन झालंय मला सगळ्यात उपयोगी पडलं ते म्हणजे कंट्रोल दाबून अधिकचं बटण दाबलं की अक्षर मोठं होतं इतकी वर्षं मी नाक लावून पेपर वाचत होते कोणी सांगितलंच नाही आणि दुसरं म्हणजे नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला बँकेत रांग लावून द्यायचे तो आता मुलगा फोनवर माझा चेहरा दाखवून करून देतो मागच्या वर्षी चकल्या तळता तळता झाला हातात झारा होता

चिंगी
काकू झाऱ्यासकट दाखला 😄 भारी. चकली भाजणीची की तांदळाची? माझी तेलात सुटते.

प्रमिलाकाकू_नाशिक
भाजणीची मोहन जास्त झालं की सुटते गं आणि पीठ गरम पाण्यात भिजवून थोडं झाकून ठेव

सातपुडा
विषय थोडा वेगळा, पण गेलं आणि वाचलं यातच बसतो. वडील शेतकरी. कापूस विकून पैसे आलेले. फोन आला, ‘तुमचं अनुदान मंजूर झालंय, जमा करायला पिन टाका.’ त्यांनी टाकला. एकोणीस हजार गेले.

माझ्या आधी धाकट्या बहिणीला कळलं. तिने ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन लावला. अर्ध्याहून थोडे जास्त थांबवता आले, बाकी गेले. वडील आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. पैशापेक्षा, मुलांसमोर फसलो याचं त्यांना लागलं होतं. आम्ही कोणीही त्यांना ‘तुम्हाला कळलं कसं नाही’ असं विचारलं नाही. तुमच्या घरी झालं तर तुम्हीही विचारू नका.

मी त्यांच्या फोनच्या मागे पट्टी चिकटवली: ‘पैसे येताना पिन लागत नाही. जाताना लागतो.’ बास, एवढंच. आता पारावर तेच बाकीच्यांना सांगतात. ई-पीक पाहणीही स्वतः भरतात, बांधावर उभं राहून फोटो काढतात आणि सातबारा उतरवून घेऊन मला पाठवतात.

मी_सोलापूरची
@सातपुडा ‘येताना लागत नाही, जाताना लागतो’ मी आत्ताच सासऱ्यांच्या फोनला चिकटवते. धन्यवाद दादा.

एडिसनकर
आई कोल्हापुरात, मी न्यू जर्सीत. तिची सकाळ म्हणजे माझी रात्र. ‘काहीतरी गेलं रे स्क्रीनवरून’ असा फोन यायचा आणि मी इथून ‘वर डावीकडे बघ, तीन आडव्या रेघा’ असं सांगत बसायचो. दोघंही वैतागायचो. एकदा मी आवाज चढवला, तिने शांतपणे फोन ठेवला आणि नंतर महिनाभर काही विचारलंच नाही. ते विचारणं बंद झालं ते जास्त वाईट होतं.

पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा दोनशे पानी वही आणली. मी काही लिहिलं नाही, तिलाच तिच्या शब्दांत लिहायला लावलं. ‘हिरव्यावर एकदा बोट. चित्रं येतील. थांबायचं. मग संजूचा फोटो.’ ‘चुकलं तर खालचा बाण, घाबरायचं नाही.’ प्रत्येक कामाला एक पान. फोन मी एकदाही हातात घेतला नाही, तिच्याच हाताने करून घेतलं. हे फार महत्त्वाचं आहे. आपण पटकन करून दाखवतो आणि समोरच्याला काहीच येत नाही.

आता ती वही शेजारच्या दोन मावश्या झेरॉक्स काढून घेऊन गेल्यात.

गोधडी
@एडिसनकर ‘थांबायचं’ हे वाचून बाबा आठवले. ते पण तसंच लिहायचे, ‘बटण दाबल्यावर दहा आकडे मोजावेत.’

@पाऊसवेडा फॉन्टच्या खिडकीत नाव दिसतंय!! तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलंय. कॉपी तीन केल्या.

पाऊसवेडा
मिळालं. ओळखीचा फॉन्ट आहे. याचं युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळ्या कॉम्प्युटर-फोनवर चालतं त्या मराठीत, रूपांतर होतं. आधी पाच ओळी करून बघतो.

टंकलेखक_निवृत्त
मी चाळीस वर्षं टायपिंगचे वर्ग घेतले, ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षेची मुलं तयार केली. गोधडीताई, रूपांतर झाल्यावर चुका कुठे दिसतील ते आधीच सांगतो, म्हणजे हबकणार नाही.

मशीनवर आणि त्या जुन्या फॉन्टमध्ये आपण डोळ्याला दिसतं तसं टाइप करायचो. ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे, आधी क मग वेलांटी. रफाराचं उलटं: जुन्यात तो शेवटी डोक्यावर ठेवायचा, युनिकोडमध्ये र् आधी येतो. त्यामुळे ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेले असतील. तेवढे हाताने हलवा. आणि ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ यातला र नीट आलाय का पाहा. इनस्क्रिप्ट या मराठी की-बोर्डवर तो शिफ्ट आणि जे दाबून येतो, मग डी, मग य.

तुमच्या वडिलांनी दोन बोटांनी बावीस पानं टाइप केली. माझ्या वर्गात असते तर त्यांना पहिल्या बाकावर बसवलं असतं.

बारदेशकर
काका, इनस्क्रिप्ट शिकायला किती दिवस लागतात? मी अजून इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करतो. ‘ळ’ आणि ‘ण’ला अडखळतो.

टंकलेखक_निवृत्त
रोज अर्धा तास दिलात तर तीन आठवडे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, हे एकदा बोटांत बसलं की झालं. खाली बघायचं नाही. की-बोर्डवर रुमाल टाका.

चिंगी
दोन युक्त्या आपल्याकडून: चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल शिफ्ट टी ने परत येतो. आणि विंडोज व्ही दाबलं की आधी कॉपी केलेलं सगळं दिसतं, पहिल्यांदा विचारतं तेव्हा चालू करायचं. माझं ऑफिसचं निम्मं काम यावर चालतं. आले, मुलगी उठली.

मी_सोलापूरची
फाइलला नाव देताना आधी साल, मग महिना, मग तारीख. आपोआप क्रमाने लागतात. ‘नवीन’, ‘नवीन शेवटची’, ‘नवीन शेवटची खरी’ असली नावं प्रबंधाच्या वेळी दिली होती, त्यातली खरी कुठली ते गाइडलाही कळेना.

पाऊसवेडा
पाच ओळी झाल्या. पाठवल्यात. बघा.

गोधडी
वाचता येतंय.

पहिली ओळ ‘पहिली माझी ओवी’ अशीच आहे. काका म्हणाले तसं वेलांटी ‘ह’वर बसायची ती ‘प’वर गेलीय, पण वाचता येतंय. स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाचलं. मुलाने विचारलं, कोणाशी बोलतेस.

सदाफुली
🙏🙏 अंगावर काटा आला.

प्रमिलाकाकू_नाशिक
आनंद झाला बाळा पूर्ण झालं की आम्हालाही वाचायला दे

गोधडी
(रात्री पावणेबारा) पाऊसवेडा यांनी बावीसच्या बावीस पानं करून पाठवली. कसे आभार मानू. १४६ ओव्या आहेत. मी तीसपर्यंत तपासल्या.

एक अडलंय. सतराव्या ओवीत ‘वैरण’ शब्द येतो. जात्यात वैरण कशी असेल? गुरांची वैरण ना ती? रूपांतरात काही चुकलंय की बाबांनी चुकीचं ऐकलं?

सातपुडा
काही चुकलेलं नाही. दळताना जात्याच्या तोंडात जो मूठभर दाण्यांचा घास टाकतात ती वैरण. आमच्याकडे आजी अजून म्हणते, ‘वैरण घाल, नुसतं जातं फिरवू नको.’ भात शिजायला टाकतानाही ‘तांदूळ वैरले’ म्हणतात.

गोधडी
@सातपुडा अच्छा! म्हणजे बाबांनी बरोबर ऐकलं होतं.

आत्ताच आत्याला फोन केला, ती जागीच होती. सतरावी ओवी वाचून दाखवली. मी थांबले तर तिने पुढे आणखी एक म्हटली. ती फाइलमध्ये नाही. पाठीवर लिहून घेतली, विजेच्या बिलाच्या.

पाऊसवेडा
ती आधी टाइप करा, झोपायच्या आत. मूळ फाइल आणि ही नवी, दोन्ही लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि आत्याच्या घरी कोणाच्या तरी मेलवर ठेवा. एक प्रिंटही काढा.

आणि रविवारी आत्याकडे जा. फोन रेकॉर्डिंगला लावून ओट्यावर ठेवा आणि त्यांच्या हातात पोळपाट द्या.