डेंडेराचा 'बल्ब': अर्धा फोटो टाकून शोध लावणं बंद करा

सर्किटवाला
इजिप्तमधे डेंडेराला हाथोर देवीच्या मंदिराच्या तळघरात चक्क बल्ब कोरलाय. आत वळवळणारं फिलामेंट, मागे केबल, आणि टेकू दिलेला तो जेद नावाचा खांब म्हणजे हाय टेन्शनचा इन्सुलेटर. अभ्यासक मंडळी गप्प का?

ओसरी
गप्प कोणी नाहीये. दरवेळी हाच कापलेला फोटो फिरतो, शेजारच्या ओळी नाहीत, खोली नाही, मंदिर नाही, याचाच मला संताप येतो. त्या चित्राच्या बाजूलाच लिहिलंय की या हार्सोमटस देवाच्या मूर्ती. कमळातून सापाच्या रूपात देव बाहेर येतो, तुमची केबल म्हणजे कमळाचा देठ! आणि जेद म्हणाल तर सक्काराला जोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली निळ्या टाइल्सच्या भिंतीत जेदच्या रांगा कमान तोलून धरतात, इ.स.पू. सत्ताविसाव्या शतकात. डेंडेराचं आत्ताचं मंदिर सुरू झालं इ.स.पू. ५४ ला. म्हणजे अडीच हजार वर्षं तो खांब एकच सांगतोय, टिकून राहा, मृतांचा देव ओसायरिस, त्याच्या कण्यासारखं. तिथली इमारतच वाचायची असते हो. दाराचे दोन बुरूज म्हणजे क्षितिजावरचे दोन डोंगर, मधून सूर्य उगवणार. कर्नाकच्या मंदिरातल्या मंडपाचे १३४ खांब म्हणजे पाणथळीतलं पपायरसचं रान. डेंडेरात तर खांबच हाथोरच्या खुळखुळ्याच्या घडणीचे, वर गायीचे कान असलेला तिचा चेहरा.

सर्किटवाला
माझी अख्खी नोकरी सबस्टेशनात गेली, इन्सुलेटर मला शिकवू नका. जोसरकडे जेद होता ना, मग वीजही तेव्हापासूनच असेल. तळघरात काजळी नाही, कोरलं कोणत्या उजेडात ते सांगा.

ओसरी
दिव्याच्या. देर अल-मदिनाच्या थडगी खोदणाऱ्या कामगारांना किती वाती दिल्या त्याचे हिशेब खापरांवर लिहिलेले सापडलेत. तांब्याची एक तार, एक विजेचा खांब, काहीतरी दाखवा की.

पॅरिसवाली_मावशी
बल्ब राहू दे बाजूला. त्याच मंदिराच्या गच्चीवरच्या ओसायरिसच्या खोलीचं छत, राशीचक्राचं, लूव्रमधे आहे. मी त्याच्याखाली उभी राहून रडलेय. १८२१ ला लेलोरेन नावाच्या माणसाने करवती आणि सुरुंगाची दारू लावून ते काढलं, आणि फ्रान्सच्या राजाने दीड लाख फ्रँकला घेतलं. त्या खोलीचं आकाशच नेलं आणि जागेवर आता प्लास्टरची नक्कल. फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंने इजिप्तची चित्रलिपी उलगडली १८२२ ला, म्हणजे वाचताही येत नव्हतं तेव्हाच कापलं!

नदीकाठ
मावशी, इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता मोहम्मद अली, त्याची परवानगी होती. आणि राहिलं असतं तर वाचलंच असतं कशावरून? अर्मंतचं मंदिर त्याच शतकात साखर कारखान्यासाठी फोडलं, तेही त्यांच्याच राज्यकर्त्यांनी. लूव्रमधे निदान लोक बघतात तरी.

पॅरिसवाली_मावशी
बघतात काय? वर मान करून दोन मिनिटं, मग पुढे मोनालिसाकडे पळायचं. शेजारच्या छतावर आकाशाची देवी नुट आडवी पसरलीय, ती डेंडेरात आणि चक्र पॅरिसात, अर्थ लागणार कसा? परवानगी कसली, देश दुसऱ्याच्या ताब्यात, मालक परकाच.

नदीकाठ
अर्मंत फोडणारेही मोहम्मद अलीच्याच घराण्यातले, तेव्हा परका म्हणून सगळं धुऊन निघत नाही. आणि बाहेरच्यांचा पैसा नसता तर १९६० नंतर अबू सिंबेल आणि फिलीची मंदिरं अस्वानच्या धरणाच्या पाण्यात गेली असती, हे सोयीस्कर विसरू नका.

पॅरिसवाली_मावशी
ती मंदिरं उचलून तिथेच जवळ उंचावर लावली, देशाबाहेर नेली नाहीत. हाच तर फरक आहे! बरं, अर्मंतचं तुमचं खरं आहे, तेवढं मान्य. पण छत परत द्या, यावरून मी हटणार नाही.

सर्किटवाला
विषय बल्बचा होता. हार्सोमटसचा मजकूर आहे, ठीक आहे, मूर्ती असेलही. मूर्तीच्या आत काय होतं ते लिहिलंय का?

ओसरी
मूर्ती कशाची आणि केवढी, हे लिहिलंय. ते आधी वाचा, सबंध भिंत डोळ्यासमोर ठेवून, मग बोलू.