कॉकसला न गेलेल्याने तोंड मिटून बसावे काय?

उत्तरवारा, सेंट पॉल

आपल्या मिनेसोटाच्या मराठी गटात काल कोणीतरी लिहिले की, फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी संध्याकाळी दोन तास काढून जो कॉकसला, म्हणजे शाळेच्या वर्गात भरणाऱ्या पक्षाच्या स्थानिक सभेला, जात नाही, त्याने पुढे उमेदवारांविषयी कुरकुर करू नये; प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारे मतदारांचे मतदान) हा पैसेवाल्यांचा खेळ असून खरी लोकशाही शाळेच्या त्या वर्गातच नांदते. मी हे तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा चिडलो. २०१८ साली रॉचेस्टरच्या अधिवेशनात डीएफएलच्या (मिनेसोटातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या), कॉकसमधून वर आलेल्या प्रतिनिधींनी गव्हर्नरपदासाठी एरिन मर्फी यांना पसंती, म्हणजे पक्षाचा अधिकृत पाठिंबा, दिला, ऑगस्टच्या प्रायमरीत मतदारांनी टिम वॉल्झ यांना निवडले आणि नोव्हेंबरात तेच गव्हर्नर झाले. २०१० मध्ये डुलुथच्या अधिवेशनाने मार्गारेट अँडरसन केलिहर यांना निवडले, तर पक्षाची पसंती मागायलाही न गेलेले मार्क डेटन प्रायमरीत सुमारे ७,००० मतांनी पुढे गेले आणि पुढे गव्हर्नरही झाले. इतक्या वेळा तोंडघशी पडलेल्या सभागृहाला लोकशाहीचा गाभारा कशासाठी मानायचे?

पायवाट, डुलुथ

ती पोस्ट माझी होती. ‘गाभारा’ हा शब्द मात्र आपला. डेटन हे डिपार्टमेंट स्टोअरवाल्या घराण्याचे वारस होते, एवढे सांगायचे आपण सोयीस्करपणे विसरलात. १९९० चे पॉल वेलस्टन आठवा. कॉलेजातला प्राध्यापक, जुनी हिरवी बस, हाती बेताचा पैसा आणि पाठीशी कॉकसमधून वर आलेले कार्यकर्ते, एवढ्या बळावर त्यांनी विद्यमान सिनेटर रूडी बॉशविट्झ यांना पाडले. असा माणूस जाहिरातींच्या बाजारात उभा तरी राहिला असता काय?

रात्रपाळी, ब्लूमिंग्टन

‘दोन तास काढून’ हे शब्द मला झोंबले. मी नर्स आहे. कॉकस सातला सुरू होतो आणि माझी पाळीही सातलाच.

पायवाट, डुलुथ

ताई, दहा दिवस आधी लेखी कळवल्यास मालकाने कॉकसला जाऊ द्यावे, असा राज्याचा कायदाच आहे.

रात्रपाळी, ब्लूमिंग्टन

कायदा मलाही वाचता येतो, दादा. तेवढ्या वेळाचा पगार कापता येतो, हेही त्यातच लिहिले आहे. शिवाय त्या रात्री वॉर्डात माणूस कमी पडला, तर माझ्या वाटणीचे रुग्ण दुसरीच्या माथी जातात आणि पुढचा महिनाभर ती माझ्याशी धड बोलत नाही. याचे कलम कोणत्या कायद्यात आहे? २०१६ मध्ये सुट्टी जुळवून गेले होते. पाऊण तास पार्किंग शोधले, मग कडेवर झोपलेले मूल घेऊन दाराबाहेरच्या रांगेत उभी राहिले. त्या गर्दीनंतरच राष्ट्राध्यक्षपदासाठी प्रायमरीचा कायदा झाला ना? मग गव्हर्नरच्या पसंतीसाठी अजून त्याच वर्गात का बसायचे?

पायवाट, डुलुथ

पक्षाचे काम करायचे नाही आणि पक्षाने कोणाला उभे करावे हे मात्र ठरवायचे, असा हा प्रकार आहे. सतरंज्या घालणारे आम्ही, पंगतीला सगळे.

रात्रपाळी, ब्लूमिंग्टन

सतरंज्यांचा हिशेब मांडणारच असाल, तर बारा तास उभे राहण्याचाही मांडा.

मीठतळे, सॉल्ट लेक सिटी

भांडणात पडतो, क्षमस्व. आमच्या युटात २०२४ च्या रिपब्लिकन अधिवेशनात फिल लायमन यांना दोनतृतीयांशाहून अधिक मते मिळाली. तरीही सह्या गोळा करून प्रायमरीत आलेले गव्हर्नर स्पेन्सर कॉक्सच जिंकले. सह्यांची ती वाट २०१४ च्या कायद्याने खुली केली नसती, तर विद्यमान गव्हर्नर अधिवेशनातच घरी गेले असते.

उत्तरवारा, सेंट पॉल

अगदी हेच! आमच्याकडेही २०२२ मध्ये रिपब्लिकन प्रतिनिधींनी नवव्या फेरीत स्कॉट जेन्सन यांना निवडले. अधिवेशनाआधी केलेली गर्भपातबंदीची भाषा पुढे सौम्य करता करता त्यांची दमछाक झाली आणि वॉल्झ पुन्हा निवडून आले.

पायवाट, डुलुथ

आपण फक्त कोण जिंकले ते मोजता, कोण कुठून पळाले ते मोजत नाही. २०१८ मध्ये डीएफएलच्या विद्यमान ॲटर्नी जनरल (राज्याच्या मुख्य सरकारी वकील) लोरी स्वॉन्सन यांना त्याच पदासाठी पहिल्या फेरीत पसंतीला लागणारी ६० टक्के मते मिळाली नाहीत, म्हणून त्या अधिवेशनातून बाहेर पडल्या आणि थेट गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरल्या. पसंती मिळाली मॅट पेलिकन यांना, पण मोकळी झालेली जागा पाहून कीथ एलिसन आले आणि जिंकले. एका फेरीने राज्यातल्या दोन निवडणुका फिरवल्या, आणि आपण म्हणता सभागृहाला किंमत नाही.

उत्तरवारा, सेंट पॉल

मान्य. सभागृहाला वजन आहे. पाडण्यापुरते तरी नक्कीच आहे. पेलिकनही प्रायमरीत पडले, हे मात्र आपणच लिहून गेलात.

रात्रपाळी, ब्लूमिंग्टन

कॉकसमध्ये कोणीही ठराव मांडू शकतो ना? मग पायवाटदादा, सभा रविवारी दुपारी घ्यावी असा ठराव माझ्या वतीने आपणच मांडावा. कॉकसच्या संध्याकाळी मी कामावर आहे.