पाणपक्षी गणनेसाठी काउंटर: स्टीलचा खटक्याचा की बोटातला डिजिटल?

काठावरचा

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आशियाई पाणपक्षी गणना आहे. आमच्याकडे एक लघु पाटबंधारे तलाव आहे, पाच जण आहेत, एक स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावायची एका डोळ्याची दुर्बीण) आणि तीन दुर्बिणी. थंडीत पाणपक्षी दोन-तीन हजारांपर्यंत असतात: तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भुवई बदक, थोडे चक्रवाक, आणि वारकरी (कूट) या काळ्या पाणपक्ष्यांचे मोठे थवे. वहीत रेघा मारून मोजायचं तर दर वेळी डोळा दुर्बिणीवरून काढावा लागतो आणि कुठवर आलो होतो ते हरवतं. म्हणून दर दाबाला आकडा एकने पुढे सरकवणारे काउंटर घ्यायचे आहेत.

विचारायचं ते एवढंच: तळहातात धरायचा स्टीलचा घ्यावा की बोटात घालायचा डिजिटल? घेताना काय तपासावं? चार-पाच जाती मिसळून बसल्या असतील तर एका काउंटरवर कसं भागवायचं? आणि एवढे पक्षी एकेक करून मोजायचे का?

शेकाट्या

हातात काय धरणार आहात त्यावर काउंटर ठरवा.

स्कोप ट्रायपॉडवर असतो, एक हात मोकळा राहतो. तिथे स्टीलचा खटक्याचा काउंटर उत्तम. मागची कडी मधल्या बोटात अडकवायची, काउंटर डाव्या तळहातात, अंगठा खटक्यावर. उजवा हात फोकसला. प्रत्येक दाबाला अंगठ्याला ठोका जाणवतो, त्यामुळे आकडा न बघताही मोजणी झाली की नाही ते कळतं. सेल नाही, उन्हात आकडे स्पष्ट दिसतात.

दुर्बीण मात्र दोन्ही हातांत असते. तळहातात स्टीलचा डबा घेऊन दुर्बीण धरली की ती हलते, आणि ८ किंवा १० पट दुर्बिणीत एवढीशी थरथरही फार जाणवते. तिथे बोटातला डिजिटल घ्या. तर्जनीच्या मधल्या पेरावर पट्टा, बटण अंगठ्याच्या बाजूला वळवून. दुर्बीण धरल्याधरल्या अंगठा सहज पोचतो.

दोन्हींच्या खोडी वेगळ्या आहेत. स्टीलच्यात चार चाकं, म्हणजे ९९९९ नंतर पुन्हा ००००. खटका पूर्ण तळापर्यंत गेला नाही तर चाक पुढे सरकत नाही. घाईत मोजताना अर्धे दाब असे वाया जातात आणि आकडा कमी येतो. शून्यावर आणायची कळ फिरवून चारही शून्यं एका ओळीत आली की नाही ते बघायचंच. एखादं चाक दोन अंकांच्या मध्ये अडकून राहिलं तर पुढचे सगळे आकडे चुकीचे वाचले जातात. डिजिटलमध्ये साधारण पाच आकडे असतात, ९९९९९ पर्यंत जातं, पण रीसेटचं बटण मोजणीच्या बटणापासून नखाएवढ्या अंतरावर. हातमोजे घातलेले असले किंवा काउंटर खिशात टाकला की हमखास दाबलं जातं. रीसेट खोलगट असलेला, किंवा दोन-तीन सेकंद दाबून धरल्यावरच शून्य होणारा मिळाला तर तोच घ्या. थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील.

खटपट्या

तपासणीबद्दल. दुकानात पाच वेळा टकटक करून काही कळत नाही. घरी आणल्यावर असं करा.

आधी सावकाश १०० दाब, आकडा १०० हवा. मग जमेल तितक्या वेगाने १००; हे दोघांनी मिळून करा, एकाने दाबायचं आणि दुसऱ्याने मोठ्याने दहा-दहाचे गट मोजायचे. इथे आकडा १०३, १०५ असा वर गेला तर बटण एका दाबाला दोन मोजतंय. कारण असं की आतले संपर्क टेकताना काही मिलिसेकंद उड्या मारतात. चांगल्या सर्किटमध्ये त्या उड्या गाळलेल्या असतात, हलक्या मालात त्या वेगळा दाब म्हणून धरल्या जातात. नवीन असतानाच असं होत असेल तर परत करा, रबर झिजल्यावर ते वाढतच जातं. उलट आकडा ९६ आला तर सर्किट जास्तच वेळ थांबतंय किंवा तुमचे दाब उथळ पडताहेत.

नंतर बटणाच्या मध्यावर न दाबता चारही कडांवर दहा-दहा दाब द्या. दुर्बिणीमागे अंगठा कधीच नेमका मध्यावर पडत नाही. बटण पाच सेकंद दाबून धरा. आकडा एकनेच वाढला पाहिजे, धावायला लागता कामा नये. शेवटी काउंटर तळहातावर हलकेच आपटा. पडदा शून्य झाला किंवा क्षणभर विझला तर सेलची पट्टी सैल आहे. बहुतेक रिंग (म्हणजे बोटातल्या डिजिटल) काउंटरमध्ये सेलचा संपर्क तुटला की आकडा पुसला जातो, त्यामुळे ही चाचणी सगळ्यात महत्त्वाची. पट्टी टोकदार चिमट्याने जराशी वर वाकवली की बहुधा भागतं.

सेलचा घोळ: रिंगमध्ये एलआर११३० (हाच एजी१०) किंवा एलआर४४ (हाच एजी१३) असतो. दोघांचा व्यास ११.६ मिमी, पण पहिला साधारण ३ मिमी जाड आणि दुसरा ५.४ मिमी. व्यास सारखा म्हणून दुकानदार एकाऐवजी दुसरा देतो. पातळ सेल जाडच्या जागी गेला तर खुळखुळतो आणि पुन्हा तीच आपटल्यावर शून्य होण्याची भानगड. जुना सेल सोबत न्या आणि वरचा क्रमांक वाचून घ्या. एलआर४४ ऐवजी एसआर४४ मिळाला तर तो घ्यावा. तो सिल्व्हर ऑक्साइडचा, विद्युतदाब शेवटपर्यंत साधारण १.५५ व्होल्टवर टिकतो. एलआर४४ अल्कलाइनचा, त्याचा विद्युतदाब हळूहळू उतरतो आणि पहाटेच्या गारठ्यात आणखी बसतो, म्हणून घरी ठळक दिसणारे आकडे निफाडसारख्या थंडीत फिके पडतात. फिके दिसले की मोजणी सुरू करण्याआधीच सेल बदला, मध्यात बदललात तर आकडा गेला.

पोलराइज्ड गॉगल घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: काही कोनांत एलसीडीचा पडदा पूर्ण काळा दिसतो. काउंटर बिघडलेला नसतो, मनगट वळवा.

गणना झाली की सेल काढून ठेवा. वर्षभर आत राहिला तर गळतो आणि पट्टीवर पांढरी-हिरवी भुकटी चढते. कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग ओल्या बोळ्याने, मग पूर्ण कोरडं करा. काढलेले सेल लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. बटण सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. उलटी काढत बसू नये, थेट मोठ्या रुग्णालयात न्यावं.

गोदाकाठ

यंत्राबद्दल वर बरंच आलंय, मी मोजण्याकडे वळतो. आकडा जास्त चुकतो तो इथेच.

अंगठा सेकंदाला दोन दाब नीट देतो. त्यापुढे डोळा आधी धावतो आणि अंगठा मागे राहतो. म्हणून दोनशेपर्यंतचा, शांत बसलेला थवा एकेक मोजा. त्याहून मोठा असेल तर दहाचा गट धरा. आधी कडेचे दहा पक्षी नेमके मोजायचे, त्यांनी दृश्यात किती जागा व्यापली ती नजरेत पक्की करायची, मग तेवढाच तुकडा पुढे पुढे सरकवत प्रत्येक तुकड्याला एक दाब. हजाराच्या वर वारकरी असतील तर पन्नासचा तुकडा. थवा एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतो, तेव्हा दाट भागात शिरताना पुन्हा दहा पक्षी मोजून तुकडा नव्याने बसवा. हे न केल्यानेच मोठ्या थव्यांचे आकडे कमी येतात.

मोजणीआधी एका दाबाला किती पक्षी ते वहीत लिहून टाका: "चक्रांग ×१०". ६३ दाब झाले आणि चार पक्षी उरले तर ६३४. गुणक लिहिला नाही तर संध्याकाळी वहीत नुसते ६३ दिसतात आणि तेच पुढे जातात.

तलावाचे भाग पाडा. काठावरचं बाभळीचं झाड, पंपघर, विजेचा खांब अशा न हलणाऱ्या खुणा घ्या. पाण्यातला फांदीचा तुकडा खूण म्हणून घेऊ नका, तो वाहतो. एका वेळी एक भाग आणि एक जात, कायम डावीकडून उजवीकडे. सकाळी पूर्वेच्या काठावर, ऊन पाठीशी घेऊन उभं राहा. सूर्य समोर असला तर मादी बदकं नुसत्या काळ्या सावल्या दिसतात. चक्रांग आणि भुवई बदकाच्या माद्या लांबून वेगळ्या ओळखता येत नसतील तर ओढूनताणून कुठल्यातरी जातीत घालू नका, "न ओळखलेली बदके" असा वेगळा आकडा द्या. तो आकडाही खरी माहिती असतो.

टिबुकली आणि वारकरी बुड्या मारतात. त्यांच्या भागावर एकदा मोजून थांबायचं नाही, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजा आणि तिन्ही आकडे लिहा. बुडणाऱ्या पक्ष्यांसाठी त्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्या, कारण कमी आलेल्या वेळी काही पाण्याखाली होते. बसून राहणाऱ्या बदकांसाठी ४१२, ३९८, ४०५ असं आलं तर मधला, म्हणजे ४०५. तीन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर गटाचा अंदाज बिघडलाय, पुन्हा पहिल्या दहापासून सुरू करा.

मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी आला आणि थवा उठला तर दाबणं थांबवा. अर्धा मोजलेला भाग रद्द. पक्षी बसले की त्या भागापासूनच नाही, शेजारच्या भागापासूनही पुन्हा मोजा, कारण उठलेले पक्षी बहुतेक तिथेच जाऊन बसतात.

शेकाट्या

मिश्र थव्याचं राहिलंच होतं.

दोन हातांत दोन काउंटर ही कल्पना मोहात पाडते, पण दोन जाती एकदम मोजताना चुकीचा अंगठा दाबला जातो आणि ते नंतर कळायला मार्ग नसतो. एक फेरी तलवार बदकाची, दुसरी थापट्यांची, हे वेळखाऊ असलं तरी खात्रीचं. चार-पाच खटक्यांची जोडलेली पट्टी मिळते, ती टेबलावर ठेवण्यासाठी बरी. काठावर उभं राहून कोणता खटका कोणाचा हे बोटांना लक्षात राहत नाही. मोबाइलचं ॲप दुर्बिणीमागे निरुपयोगी, कारण काचेवर बोट टेकलं की सरकलं ते अंगठ्याला कळत नाही आणि पडदा मध्येच झोपतो.

पाच जणांत अशी वाटणी करा: दोघे मोजणारे, एक लिहिणारा, उरलेले दोघे दुसऱ्या काठावर तसेच. काउंटर फक्त त्या जातीला, जिचे पक्षी पन्नासच्या वर दिसताहेत. चक्रवाक, राखी बगळे, शेकाटे वगैरे लिहिणाऱ्याने वहीत पाचाच्या रेघांनी, चार उभ्या आणि पाचवी तिरकी. मोजणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगायचा, लिहिणाऱ्याने तोच परत म्हणायचा, लिहून झालं की मगच पुढे.

काठावरचा

खूप उपयोग झाला. दोन शंका. स्टीलच्या काउंटरला वजाबाकी नाही, तर चुकून जास्त दाबलं की काय करायचं? आणि प्रत्येक भागानंतर रीसेट करायचं का?

खटपट्या

जास्त दाबलं तर तिथल्या तिथे लिहिणाऱ्याला "वजा दोन" सांगा आणि तो वहीत "−२" लिहील. "शेवटी कमी करू" असं मनात ठेवू नका. डिजिटलमध्ये अधिक-उणे अशी दोन बटणं असलेले मिळतात, पण दोन्ही बटणं एकाच आकाराची असतील तर अंगठा गोंधळतो. उण्याच्या बटणावर चिकटपट्टीचा छोटा उंचवटा लावा म्हणजे बोटाला फरक कळेल.

रीसेट मधे करूच नका. विजेच्या मीटरसारखं वाचा: सुरुवातीचा आकडा आणि शेवटचा आकडा, दोन्ही लिहायचे. तलवार बदक ० ते १४६, म्हणजे १४६ दाब. लगेच थापट्या १४६ ते ५८३, म्हणजे ४३७. चुकून कुणी रीसेट दाबलंच तरी नुकसान फक्त चालू भागाचं होतं, आधीचे सगळे वहीत असतात. आणि संध्याकाळी शंका आली तर एका भागाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात जुळते का ते बघता येतं. जिथे जुळत नाही तिथेच चूक. स्टीलचा काउंटर फिरून शून्यावर गेला तरी घाबरायचं कारण नाही: सुरुवात ९८५०, शेवट ०२१७, तर १०००० मधून ९८५० वजा केले की १५०, त्यात २१७ मिळवा, ३६७.

गोदाकाठ

याला जोडून एक. गुणक बदलला की वहीत नवी ओळ सुरू करा, ×१ आणि ×१० एकाच ओळीत ठेवू नका. आणि आधीच्या रविवारी पाचही जणांनी मिळून एकच थवा मोजून बघा, आपापले आकडे न बोलता कागदावर लिहा, मग पडताळा. जो सतत कमी किंवा जास्त मोजतो त्याला त्याच्या दहाच्या तुकड्याचा आकार सुधारायला सांगा. गणनेच्या दिवशी काठ बदलला तरी माणसागणिक येणारा फरक त्याने बराच आटोक्यात राहतो.

काठावरचा

ठीक. स्कोपसाठी एक स्टीलचा, दुर्बिणींसाठी तीन रिंग आणि प्रत्येक रिंगला एक जादा सेल असं घेतो. पट्ट्यांवर वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावून कोणता कोणाचा ते ठरवतो. तुकड्याचा सराव या रविवारीच वारकऱ्यांवर करतो.