पिटाचं (अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याचं) विशेष न्यायालय असूनही खटला सत्र न्यायालयात. साक्ष लवकर कशी होईल?

मदत हवी आहे. मुंबईतला मानवी तस्करीचा खटला. पिटाच्या कलम ४ व ५ सोबत भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ (मानवी तस्करी) लागलंय. शहरात पिटासाठी विशेष न्यायालय असताना केस सत्र न्यायालयाकडे कमिट झाली, म्हणजे सुनावणीसाठी वर्ग झाली. सुटका झालेली सज्ञान तरुणी पश्चिम बंगालमध्ये घरी परतली आहे. समन्स न बजावताच परत येतंय. केस विशेष न्यायालयात परत नेता येईल का?

प्रतिसाद १
नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. पिटाच्या कलम २२अ खालचं न्यायालय न्यायदंडाधिकारी दर्जाचं असतं. कलम १४३ ला किमान ७ वर्षं शिक्षा आहे, ते सत्र न्यायालयच चालवतं. पीडित अल्पवयीन असती आणि पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा) लागला असता, तर त्याच्या कलम ३५ नुसार दखल घेतल्यापासून ३० दिवसांत साक्ष नोंदवायची असते. कुणी पिटाच्या कलम २२ब ची संक्षिप्त सुनावणी सुचवेल. तिच्यात कैद १ वर्षापुढे जात नाही. दलालाला तेच हवं असतं.

प्रतिसाद २
खटला अडलाय तो साक्षीपाशी. सरकारी वकिलांमार्फत अर्ज द्या: दोषारोप निश्चित होताच पहिली साक्षीदार तीच, इन कॅमेरा (बंद दाराआड), तिच्या जिल्हा न्यायालयातून व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने). भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलमं २५४ आणि ५३० याला वाव देतात. बालसाक्षीदारांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रिमोट पॉइंट कोऑर्डिनेटरची, म्हणजे साक्षीदाराच्या ठिकाणी हजर राहणाऱ्या जबाबदार व्यक्तीची, पद्धत लावली. अर्जात तोच साचा मागा. तिच्या शेजारी कोण बसलंय हे बघायला तिथे जबाबदार माणूस असायलाच हवा. समन्ससाठी त्याच संहितेच्या कलम ७१ खाली इलेक्ट्रॉनिक बजावणी मागा. दारात पोलीस आले की गावात चर्चा होते आणि मुलगी पुन्हा घर सोडते.

व्हीसी बहुतेकदा फसते ती कागदांमुळे. कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला जबाब, फोटो, पंचनामा यांच्या प्रती सीलबंद करून आधीच तिकडे पोचवा, नाहीतर उलटतपास मध्येच थांबून पुढची तारीख पडते. बंगाली दुभाषाचा आदेशही त्याच अर्जात घ्या. जामिनावरच्या आरोपीने त्या दिवशी गैरहजेरीची सूट मागितली तर कडाडून विरोध करा. तो समोर नसेल तर ओळख पटवणारच कशी?

धागाकर्ती
आभार. तिला धमकीचे फोन येताहेत. संरक्षणाचा अर्ज कुठल्या जिल्ह्यात?

प्रतिसाद १
गुन्हा घडला त्या जिल्ह्यात, म्हणजे इकडे मुंबईतच. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ खाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे. पोलिसांचा धोका-अहवाल ५ कामकाजाच्या दिवसांत यायला हवा. फोनचे नंबर, तारीख, वेळ अर्जाला जोडा आणि उत्तर यायची वाट न पाहता व्हीसीचा अर्ज आजच टाका.