साठीनंतर ‘आराम करा’ हा सल्ला स्नायूंचा घात करतो

मांडवीकर
आपल्या बडोद्यात मराठी घराघरांत ऐकू येतं, “आजोबा, पिशवी ठेवा, आम्ही आणतो.” मायेनंच म्हणतात, पण मला ते साफ चूक वाटतं. स्नायूच्या प्रत्येक तंतूला चिकटून, त्याच्या बाहेरच्या अस्तराखाली मूळ पेशी (स्टेम सेल) सुप्त असतात. अलेक्झांडर माउरो यांनी 1961 मध्ये बेडकाच्या स्नायूत त्या पाहिल्या आणि त्यांना सॅटेलाइट सेल म्हटलं. तंतूला इजा झाली की त्या जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते. बऱ्याचशा तंतूत मिसळून त्याला नवी केंद्रकं देतात, थोड्या राखीव राहतात. उतारवयात त्या घटतात त्या मुख्यतः जलद तंतूंजवळ, आणि पाय घसरला की सावरायला तेच तंतू लागतात. तरी बारा आठवडे वजनाचा व्यायाम केलेल्या सत्तरीतल्या माणसांत त्या वाढलेल्या आढळल्या आहेत. प्रो. माणिकरावांनी ज्या गावात जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपाला आणलं, तिथे ज्येष्ठांच्या वाट्याला बागेतला बाक एवढंच का यावं?

सुरसागर
व्यायाम करावाच. पण तुम्ही दिलेलं कारण मला पटत नाही. 2011 मध्ये उंदरांतल्या या पेशी जवळपास नाहीशा करून पाहिल्या. इजा झालेला स्नायू भरून आला नाही, हे खरं. मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात स्नायूवर दोन आठवडे जादा भार टाकला, तर या पेशींशिवायही तो वाढला. पुढे 2015 मध्ये तर तरुणपणीच पेशी काढलेले उंदीर म्हातारे होऊ दिले, आणि त्यांचे स्नायू इतरांपेक्षा जास्त झिजले नाहीत. म्हणजे म्हातारपणीची झीज या पेशी कमी झाल्यानं होते, हे उंदरांत तरी सिद्ध झालेलं नाही. मज्जातंतूंचा स्नायूशी संबंध तुटणं, कमी प्रथिनं, बसून राहणं, ही कारणं कुठे गेली?

मांडवीकर
दोन आठवड्यांवर थांबू नका ना! तोच भार आठ आठवडे ठेवला तेव्हा पेशी नसलेल्या स्नायूची वाढ मागे पडली आणि तंतूंमध्ये व्रणासारखं चिवट जाळं साचलं. 2015 च्या ज्या प्रयोगाचा दाखला देताय, त्यातही असं जाळं वाढलेलं होतंच. शिवाय माणसांत 16 आठवडे व्यायाम करवून 2008 मध्ये पाहिलं, तर ज्यांचे स्नायू सर्वांत जास्त वाढले त्यांच्याकडे सुरुवातीलाच या पेशी जास्त होत्या.

सुरसागर
दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी होते असं नाही, काका.

कारेलीबागची फिजिओ
माझा आक्षेप ‘आराम’ या शब्दाला शत्रू ठरवण्यावर आहे. जोरदार व्यायामानंतर या पेशींची संख्या वाढते ती पुढच्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे विश्रांतीच्या काळात. आधी दाहक पेशी येऊन तुटलेलं साफ करतात, मग मूळ पेशींना वाव मिळतो. आजोबांना रोज तेच वजन उचलायला लावलं तर हे काम अर्धवट राहतं. मी तरी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं यापासून सुरुवात करते, दिवसाआड. बीपी, गुडघे, डोळे तपासल्याशिवाय पिशवी हातात देऊ नका.

वाघोडियारोड
माझ्या भाच्याला डुशेन हा स्नायू झिजवणारा आनुवंशिक आजार आहे. तंतूंना टिकवणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसल्यानं त्याचे तंतू साध्या हालचालीतही फाटत राहतात, मूळ पेशी सतत दुरुस्तीला धावतात आणि शेवटी कमी पडतात. त्याच्यासाठी जड वजन, जिना उतरण्यासारखा ताणाचा व्यायाम, हे घातक आहे. ‘पेशींना काम द्या’ असं सरसकट लिहिलं की नातेवाईक येऊन सांगतात, पोराला जिममध्ये घाला. आणि स्टेम सेलचं नाव ऐकलं की दुसरे नातेवाईक इंजेक्शन देणाऱ्या क्लिनिकचे फोटो पाठवतात. कृपया दोन्ही बाजूंनी थोडं जपून लिहा.

मांडवीकर
ताई, मी धडधाकट ज्येष्ठांबद्दलच लिहिलं आहे, डुशेनसाठी त्यातलं काहीही लागू नाही. इंजेक्शनबद्दल मी तुमच्याहून कडक आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळ पेशींचे मान्य उपचार रक्ताच्या आजारांपुरते आहेत. बाकी सगळं नोंदवलेल्या चाचणीतच करायचं, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. डुशेनमध्ये स्नायूच्या पेशी टोचण्याचे प्रयत्न 1990 च्या दशकातच झाले. टोचलेल्या बहुतेक पेशी मेल्या, उरलेल्या सुईच्या जागेपासून फारशा पसरल्या नाहीत. लाखो रुपये मागणाऱ्याला हेच विचारा.

सुरसागर
इंजेक्शनवर आपलं एकमत. पहिल्या मुद्द्यावर मी अजून तिथेच आहे. आजींनी उठाबशा काढाव्यात त्या मज्जातंतू, प्रथिनं आणि तोल यांसाठी. पेशींचा हिशोब माणसांत लागेल तेव्हा लावू.