मदत हवी आहे: रव्यातली अक्षरं आणि घ-ध चा घोळ

ताई-दादांनो, मी बालवाडीत शिकवते, मुलं चार-साडेचार वर्षांची. परातीत बारीक रवा पसरून बोटाने अक्षरं काढतो, हात फिरवताना खरखरीत, मऊ, ओलं, कोरडं असे शब्द बोलतो. बोलणं छान सुटलंय. "बाई, रवा गुदगुल्या करतो" असं एकजण आपणहून म्हणाला! गाडी अडलीय घ आणि ध पाशी. ध ची गाठ रव्यात उमटते न उमटते तोच बुजते. माँटेसोरी पद्धतीत असतात तशी पॉलिश पेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची आहेत. कितव्या नंबरचा कागद घेऊ? बोटं सोलायला नकोत. आणि दोन्ही अक्षरं एकत्र द्यावीत की घ पक्का झाल्यावर ध? चिंचोके-मणी कृपया सुचवू नका, आमच्याकडे ते थेट नाकात जातात.