'रेन मॅन' आणि "मग याचं स्पेशल काय आहे?"

कडूजिरं:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "ऑटिझम समजून घ्यायचा तर रेन मॅन हा पिक्चर बघा. देव एक काढून घेतो तर दुसरं भरभरून देतो. ही मुलं म्हणजे निष्पाप जिनियस." खाली बदामांचा पाऊस. मी दोनदा उत्तर टाइप करून पुसलं, आता तिसऱ्यांदा लिहितोय आणि लांबणार आहे, सहन करा.

माझा मुलगा अकरा वर्षांचा. पाच-सहा शब्द बोलतो. त्याला ऑटिझम आहे म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न "अरेरे, कधी कळलं" आणि दुसरा लगेच "मग याचं स्पेशल काय आहे? गणित? तारखा?" काही नाही हो. त्याला वाहतं पाणी बघत बसायला आवडतं, तासभर. हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं, जणू कूपन भरलं आणि बक्षीस लागलंच नाही. हे सगळं 1988 पासूनचं आहे, त्या पिक्चरमध्ये ऑटिझम असलेला रेमंड झालेल्या डस्टिन हॉफमनने जमिनीवर सांडलेल्या टूथपिक एका नजरेत 246 मोजल्या तेव्हापासूनचं. आणि गंमत बघा, हे पात्र ज्याच्यावरून सुचलं त्या किम पीकला ऑटिझम नसावा असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्याच्या मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूलच जन्मापासून नव्हता. दहात एकाकडे अशी काहीतरी कला असते हा जो आकडा फिरतो तो रिमलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1978 मध्ये आईवडिलांनी दिलेल्या माहितीवरून काढला होता. तोही धरा. उरलेल्या नऊ घरांनी काय करायचं?

मॅटिनी:
पिक्चर शेवटचा कधी बघितला होता दादा? त्यातच तो छोट्या गावातला डॉक्टर रेमंडला 312 गुणिले 123 विचारतो, हा फाडकन 38,376 सांगतो. मग चॉकलेट कितीला? साधारण शंभर डॉलर. आणि नवी गाडी? साधारण शंभर डॉलर. म्हणजे तुम्ही जे म्हणताय तेच डायरेक्टर सांगतोय की हे गणित जगायच्या कामाचं नाही. लोकांनी फक्त टूथपिक लक्षात ठेवल्या तर त्यात बॅरी लेव्हिन्सनचा काय दोष. उगाच चार ऑस्कर मिळाले का? आणि खरं तर अभिनय रेमंडचा भाऊ चार्ली झालेल्या टॉम क्रूझचा, त्याला साधं नॉमिनेशनसुद्धा नाही, हा अन्याय कुणाला दिसत नाही.

कडूजिरं:
बरं बाबा, चॉकलेटचा सीन आहे, मान्य. चांगलाही आहे. आता रस्त्यावर दहा जणांना विचार, चॉकलेट आठवतं की लास व्हेगासच्या कॅसिनोत रेमंडने पत्ते मोजून चार्लीला जिंकवलेला जुगार.

पत्तेबहाद्दर:
व्हेगासचं निघालंच म्हणून सांगतो. नुसत्या डोक्यात पत्ते मोजणं नेवाडामध्ये, म्हणजे व्हेगास ज्या राज्यात आहे तिथे, गुन्हा नाही. कॅसिनोवाले फार तर बाहेर काढतात. तरी सगळ्यांना वाटतं त्या दोघांनी काहीतरी चोरी केली. सहा कॅट एकत्र पिसलेले असताना मोजणं किती अवघड असतं यावर मी वेगळं लिहू शकतो, कुणाला हवं असेल तर.

थोरली:
नको.

चार्लीबद्दल कुणी बोलणार आहे का इथे? बाप मेला आणि पोराला काय ठेवलं, 1949 ची ब्यूक आणि गुलाबाची झाडं. तीस लाख डॉलर कुणाला ते मृत्युपत्रात नावसुद्धा नाही. संस्थेत ठेवलेला मोठा भाऊ आहे हेच आयुष्यभर सांगितलं नाही. वर तीच ब्यूक, जी सोळाव्या वर्षी न विचारता नेली म्हणून बापाने गाडी चोरीला गेल्याची तक्रार केली आणि पोराला दोन दिवस कोठडीत सडवलं. आणि आपण सगळे म्हणणार, चार्ली किती स्वार्थी.

मी अशा घरातली मोठी बहीण आहे. धाकटा आता चाळिशीला आला. बाबांनी घर, एफडी, सगळं त्याच्या नावावर केलं, मला म्हणाले तुला कशाला लागतंय, तू तर त्याला बघणारच आहेस. म्हणजे पैसा त्याचा आणि बघायचं मी. विचारलं नाही हो कुणी, साधं विचारलं नाही. मी नाही म्हटलं नसतं.

सडेतोड:
म्हणजे शेवटी गाडी इस्टेटीवर आलीच. चार्लीने भावाला त्या संस्थेतून पळवलं ते दीड मिलियन, म्हणजे त्या तीस लाखांतला अर्धा वाटा मिळावा म्हणून, प्रेम नंतर सुचलं. ज्याला कमावता येत नाही त्याच्यासाठी बापाने पैसा बाजूला ठेवला तर त्यात चूक काय? सरळ लिहा ना, घर हवं होतं.

थोरली:
हो हवं होतं. लिहिलं. झालं समाधान? रात्री तीनला त्याच्या मेल्टडाउनमध्ये, म्हणजे सगळं असह्य होऊन त्याचा ताबा सुटतो तेव्हा, त्याचं डोकं भिंतीवर आपटू नये म्हणून मध्ये हात घालते ना, त्या मनगटाचं दोनदा प्लास्टर झालंय. त्या हाताने टाइप करतेय. तुमच्या घरात कोण आहे असं? कुणी नसेल तर जरा बेताने.

मॅटिनी:
अहो पिक्चरवर बोला की.

सडेतोड:
माझ्या घरात आत्या होती. बाहेरच्या खोलीत ठेवायचे, पाहुणे आले की कडी. तिच्या नावावर काहीच नव्हतं, त्यामुळे आजोबा गेल्यावर तिला दर चार महिन्यांनी एका काकाकडून दुसऱ्याकडे फिरवली, पाहुण्यांची पिशवी फिरवावी तशी. म्हणून म्हणालो की पैसा नावावर असावा. पण तुमच्या वडिलांनी तुम्हाला विचारायला हवं होतं हे खरंय. तेवढंच खरंय, बाकी माझं मत तेच.

उशिराकळलं:
मी अडतिसाव्या वर्षी डायग्नोसिस मिळालेला माणूस. वरचं सगळं वाचलं. वाटणीच्या भांडणात सामान जसं मध्ये पडलेलं असतं तसा रेमंड या धाग्यात पडलाय. शेवटी त्याला विचारतात, भावाकडे राहायचंय? हो. संस्थेत परत जायचंय? हो. सगळे मान हलवतात, याला कळत नाही. मला तो सीन बघून चीड येते. मलाही दोन्ही हवं असतं! माझी खोली, माझी वेळ, आणि माझा भाऊ. डॉक्टरने प्रश्नच असा टाकला की एक निवडा. पडद्यावर तो ट्रेनने परत जातो आणि तुम्ही डोळे पुसता. अमेरिकेत अशा संस्थांवरून लोक कोर्टात गेले आणि 1999 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाहेर राहू शकणाऱ्याला आणि राहू इच्छिणाऱ्याला विनाकारण आत ठेवणं हा भेदभाव आहे. पिक्चर त्याच्या अकरा वर्षं आधीचा, ठीक आहे. पण आज 'हृदयस्पर्शी शेवट' म्हणून शेअर करू नका.

मॅटिनी:
मग चार्लीने काय करायचं होतं? स्मोक अलार्म वाजल्यावर रेमंडचं काय झालं बघितलं ना? एकट्या माणसाला झेपतं ते?

कडूजिरं:
खऱ्या किमला झेपवलं त्याच्या बापाने. लहानपणीच डॉक्टर म्हणाले होते संस्थेत टाका. नाही टाकला. त्याला शर्टाची बटणं लावता येत नव्हती, बाप लावायचा. पिक्चरनंतर दोघं गावोगाव भाषणं देत फिरले, पटकथाकार बॅरी मॉरोने स्वतःचं ऑस्कर त्याला देऊन टाकलेलं, ते घेऊन.

थोरली:
बापाने केलं. भावाने नाही, बहिणीने नाही. आणि किम 2009 मध्ये 58 व्या वर्षी गेला तेव्हा बाप मागे होता. म्हणजे 'आमच्यानंतर कोण' हा प्रश्न त्या बापापुढे उभाच राहिला नाही. कडूजिरं, तुमच्या मुलाला बहीणभाऊ आहे का?

कडूजिरं:
आहे. मुलगी. पंधराची.

थोरली:
विचारलंत तिला?

कडूजिरं:
...नाही अजून.

(इथे मी दोन तास गायब होतो.) विचारायला म्हणून तिच्याबरोबर पिक्चर लावला, पूर्ण नाही झाला. बाथरूमचा सीन आला, गरम पाण्याचा नळ बघून रेमंड किंचाळतो आणि चार्लीला कळतं की लहानपणी आठवणारा 'रेन मॅन' नावाचा मित्र मनातला खोटा नव्हता, हाच होता, आणि हा मला गरम पाण्याने भाजेल या भीतीने, माझ्यामुळे, याला घरातून काढलं. मुलगी म्हणाली, "बाबा, हे त्याला एवढं मोठं होईपर्यंत कुणीच सांगितलं नाही?" टूथपिकबद्दल एक शब्द नाही. मुलगा आमच्यामध्ये येऊन बसला होता, त्याला फक्त नळ बघायचा होता, तीनदा मागे घ्यायला लावला.

मॅटिनी, हा सीन भारी आहे. बाकी माझं म्हणणं तेच.

सडेतोड:
तिला विचारलंत का पण?

कडूजिरं:
रविवारी.

पत्तेबहाद्दर:
सहा कॅटवाला लेख लिहून तयार आहे, इथेच टाकू का वेगळा धागा काढू?